आक्काचे साठ लिटर

म्हैस हे जनावर मी तेहतीस वर्षं शिकवलं. म्हणजे म्हशीला शिकवलं नाही, म्हशीबद्दल शिकवलं. बेळगावात, शहापूरच्या एका मराठी शाळेत मी समाजशास्त्राचा मास्तर होतो आणि नववीला पशुधनावर एक धडा होता. ‘शेतीला जोडधंदा म्हणून दुग्धव्यवसायाचे महत्त्व सांगा’ हा चार मार्कांचा प्रश्न दरवर्षी ठरलेला. त्याचं उत्तर मी सहा मुद्द्यांत असं बसवून दिलं होतं की ज्या मुलांनी आयुष्यात म्हशीच्या शेपटीला हात लावला नाही, त्यांनाही चारपैकी चार पडायचे. मलाही कुणी विचारलं नाही की मास्तर, तुम्ही कधी धार काढली आहे का? विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता, ही गोष्ट वेगळी.

निवृत्त झालो आणि त्याच वर्षीच्या मार्चात आमच्या आक्काच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. आक्का म्हणजे मालुबाई, माझी थोरली बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कुंकू पुसून माहेरी आली आणि तेव्हापासून गावाकडची शेती तीच बघते. आमचं गाव निपाणीपासून अकरा किलोमीटरवर, अगदी हद्दीवर. गावाच्या मधून जाणारा डांबरी रस्ता हीच हद्द. रस्त्याच्या अलीकडचं कर्नाटक, पलीकडचं महाराष्ट्र. हळदीकुंकवाला बायका दोन राज्यांत जाऊन येतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

माझी बायको माधवी म्हणाली, “त्यांना आपल्याकडं आणू या. ऑपरेशन इथं करू. पंधरा दिवस धूळ, धूर, वाकणं काही नको म्हणाले आहेत डॉक्टर.”

आक्का फोनवर म्हणाली, “आन् माझी बांडी कोण बघणार?”

बांडी म्हणजे तिची म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, फेब्रुवारीच्या शेवटी व्यालेली, पायाशी एक रेडकू.

“मी बघतो की,” मी म्हणालो.

मग आक्का हसली. एखाद्यानं हसावं, पण किती हसावं याला काही मर्यादा? मी दोन पदव्या घेतलेला माणूस आहे. मी रागावत नाही, पण मग मी हट्टालाच पेटलो.

शेवटी आक्का तयार झाली, पण जायच्या दिवशी मला सोप्यात बसवून तिनं प्लास्टिकच्या पिशवीतून एक पासबुक काढलं. दूध संस्थेचं होतं. कडा झिजलेल्या, वर कन्नडमध्ये काहीबाही छापलेलं. “परशा, नीट ऐक. वर्षाला पाचशे लिटर दूध घातलं तरच सभासद ऱ्हातोय माणूस. एकतीस मार्चला वर्ष संपतंय. औंदा बांडी लई दिवस आटलीवती. माझं चारशे चाळीस झालंय. साठ लिटर पायजे. सोळा दिवस हाईत. रोज चार लिटर जरी घातलंस तरी भागतंय. न्हाय घातलंस तर माझा नंबर जातोय.”

“कसला नंबर?”

“एक नंबर. संस्था काढली तवापासनं एक नंबर माझा हाय.”

इथं मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडची जमीन आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागं माझ्या नावावर झाली. घर माझ्या नावावर. विजेचं मीटर अजून आप्पांच्याच नावावर आहे, ते वारले त्याला एकोणीस वर्षं झाली. रेशनकार्डावर आक्का आहे, पण तिसऱ्या ओळीत. एकतीस वर्षांपूर्वी गावात दूध संस्था निघाली, तेव्हा पहिलं नाव कुणाचं घालायचं यावर पुरुषांचा वाद झाला आणि तो मिटेपर्यंत आक्का किटली घेऊन रांगेत पुढं जाऊन उभी राहिली. तोच तिचा नंबर एक. जगात तिच्या नावावर तेवढंच.

“आक्का, निर्धास्त जा,” मी म्हणालो. “साठ काय, सत्तर घालतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गोठ्यात गेलो. रेडकू सोडलं, त्यानं ढुशा दिल्या, बांडीनं पान्हा सोडला. इथवर सगळं धड्याप्रमाणं. रेडकू बाजूला बांधलं, बसलो आणि कासेला हात लावला. बांडीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. सरकारी कचेरीत साहेब असं बघतो. आणि पान्हा चोरला. एक थेंब नाही. मी ओढतोय आणि ती रवंथ करतेय.

शेजारचे मारुतीराव कुडावरून डोकावले. हे गृहस्थ रिकामे आणि अनुभवी, म्हणजे फार धोक्याचे. “मास्तर, तिला तुमचा वास नवा हाय. आक्काचं लुगडं नेसा.”

“मी?”

“मग काय मी नेसू? आमच्या आज्यानं नेसलंवतं.”

मी त्यांच्याकडं दुर्लक्ष केलं. तासभर दुर्लक्ष केलं. रेडकू ओरडायला लागलं, किटली कोरडी, आणि डोळ्यापुढं साठ लिटर. मग मी आत जाऊन आक्काचं जुनं लुगडं नुसतं खांद्यावर घेतलं. नेसलो नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण गावात नंतर वेगळीच गोष्ट पसरली. बांडीनं लुगडं हुंगलं आणि त्याचा पदर चावून खाल्ला.

शेवटी फोन केला. आक्का माझ्या बेळगावच्या घरी चहा पीत होती. तिला झालेला प्रकार सांगितला. “फोन तिच्या कानाला लाव,” आक्का म्हणाली. मी स्पीकर लावून फोन बांडीच्या कानाशी धरला.

“बांडे! मुडदा बशिवला तुझा! उभी ऱ्हा गं नीट! लेकराला तरास देतीस व्हय? सोड, सोड म्हंतो न्हवं!”

काय सांगू, कास भरून आली. दोन्ही वेळचं मिळून चार लिटर आणि वर थोडं. लेकरू म्हणजे रेडकू की मी, हे मी आक्काला विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी आक्का फोनवर येणार नव्हती, म्हणून माधवीनं आदल्या संध्याकाळीच तिच्या शिव्या रेकॉर्ड करून पाठवल्या. त्या रेकॉर्डिंगच्या मधोमध माधवीचा आवाज आला आहे, ‘आक्का, भात घालू का अजून?’ एवढं वाक्य आलं की बांडी लाथ मारायची. प्रत्येक वेळी, तिथंच. मी ते वाक्य पाठ करून त्या क्षणी उठून उभा राहायला शिकलो. माधवीला हे सांगितलेलं नाही.

आता डेअरीची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं सांगतो आहे.

पहिल्या दिवशी मी किटली घेऊन रस्त्यावर आलो. मारुतीरावांना विचारलं, “संस्था कुठं?” ते दात घासत होते. त्यांनी ब्रश पुढं केला. “हितंच की रस्त्यावर.” रस्त्यावर गेलो तर समोरासमोर दोन डेअऱ्या! अलीकडं एक जुनी कौलारू खोली, दारात आठ-दहा बायाबापड्यांची रांग, आत पिवळा बल्ब. माझ्याकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मी दोन मिनिटं उभा राहिलो. एका म्हातारीनं तर मला ‘सरक की बाबा’ म्हटलं. पलीकडं नवी इमारत, निळा रंग, मराठीत ठसठशीत पाटी. आणि आतून एक मुलगी धावत बाहेर आली.

“सर! तुम्ही? मी रचना, सर. शहापूरच्या शाळेतली, नववी ब. तुम्ही मला बाकावर उभं केलंवतं.”

तिनं रस्ता ओलांडून माझ्या हातातली किटली घेतली, खुर्ची दिली, चहा मागवला. वाकून नमस्कार केला, तोही सगळ्यांच्या देखत. तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला असा मान एकदाच मिळाला होता आणि तो निरोपसमारंभ होता. दुधाचा नमुना यंत्रात घालून ती म्हणाली, “फॅट साडेसात! सर, दूध लई भारी हाय.” जणू मीच ते दिलं होतं अशा थाटात मी मान हलवली.

“नाव कुणाचं घालू?”

“मालुबाई.”

“आधी घालत होता काय हितं?”

“एकतीस वर्षं,” मी जरा करड्या आवाजात म्हणालो. या मुली अभ्यास न करता नोकरीला लागतात.

तिनं कॉम्प्युटरमध्ये शोधलं, डोकं खाजवलं आणि म्हणाली, “दिसंना झालंय सर. जुनं रेकॉर्ड गेलं असंल. नवीन घालतो.” एक चिठ्ठी दिली. तीनशे सात. मला वाटलं, हा आजच्या रांगेचा नंबर असावा. बँकेत देतात तसा.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, पासबुक होतं ना तुमच्याकडं? होतं. ते कन्नडमध्ये होतं. मी कन्नड बोलतो, बेळगावात राहून कोण बोलत नाही? पण वाचायचं काम शाळेत क्लार्ककडं असायचं. शिवाय खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात शंकेला जागाच नव्हती. आमची आक्का मराठी, तिची म्हैस मराठी शिव्या खाऊन दूध देते, मग तिची संस्था मराठी पाटीची नसणार तर कुणाची? असा विचार मी केला, आणि त्याला विचार म्हणण्याचं धाडस मी आजही करतो.

पाचव्या दिवसापर्यंत सुरळीत चाललं. मग मला सुचलं की म्हशीला शास्त्रीय आहार द्यावा. वहीत प्रमाणं मांडली, पेंड इतकी, भुसा इतका, खनिज मिश्रण इतकं, आणि आक्काचं नेहमीचं घमेलं बंद केलं. दुसऱ्या दिवशी बांडीनं गोठ्याची जी अवस्था केली ती लिहिण्यासारखी नाही. दूध दोन लिटरवर आलं. मारुतीराव कुडावरून म्हणाले, “मास्तर, नववीत नापास व्हईल ही.”

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं टेबलामागं एक गृहस्थ. “एनरी सर?” म्हणजे काय हो सर. मी लक्षणं सांगितली, जितकी सभ्यपणे सांगता येतील तितकी. “कानातल्या बिल्ल्याचा नंबर?” मी परत गावात. बारा आकडे. बांडी कान हलवते, त्यामुळं नववा आकडा तीन की आठ हे कळायला अर्धा तास गेला. परत दवाखान्यात. “मालकाच्या मोबाईलवर ओटीपी जाईल.” मालकाचा म्हणजे आक्काचा मोबाईल बेळगावात आणि आक्काच्या डोळ्याला पट्टी. माधवीला फोन लावला, ती बाजारात. ती घरी पोहोचून आकडा सांगेपर्यंत त्याची मुदत संपली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आला तेव्हा वीज गेली.

“म्हैस अलीकडची का पलीकडची?” गृहस्थांनी विचारलं.

मी विचारात पडलो. आमचा गोठा रस्त्याला लागून आहे. मोजणीवाले एकदा म्हणाले होते की गव्हाण पलीकडच्या हद्दीत जाते. “तोंड तिकडं असतं,” मी प्रामाणिकपणे म्हणालो, “कास इकडं.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “नाळे बर्री,” म्हणाले, म्हणजे उद्या या. डॉक्टर मात्र भला माणूस. तोवर माझा आवाज ऐकून तो आतून आला आणि म्हणाला, “बहीण काय घालत होती ते घाला. बाकी काही करू नका.” मी वही फाडली आणि घमेलं परत सुरू केलं. दोन दिवसांत बांडी पाच लिटरवर गेली.

बाराव्या दिवशी माझ्या हिशोबानं चोपन्न लिटर झाले होते. मी ओसरीवर पाय पसरून बसलो होतो. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच माणूस म्हणून काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात आक्काच्या संस्थेचे सेक्रेटरी आले. पायगोंडा पाटील, साठीचे, शांत जैन गृहस्थ. लहानपणी आमच्याबरोबर विटीदांडू खेळलेले.

“सर, एक इचारू काय? आक्काची म्हैस आटली काय?”

“छे हो! पाच लिटर देते.”

“मग दूध का बंद केलासा?”

मी हसलो. हा माणूस म्हातारा झाला, असं मनात म्हणालो आणि खिशातून बारा दिवसांच्या चोवीस चिठ्ठ्या काढून त्यांच्या मांडीवर ठेवल्या. त्यांनी चष्मा लावला. एक चिठ्ठी बघितली. दुसरी बघितली. मग चष्मा काढून पुसला आणि परत पहिली बघितली.

“सर,” ते फार हळू म्हणाले, “हे पलीकडचं हाय.”

पलीकडचं म्हणजे काय? दूध आपलं, म्हैस आपली, गाव आपलं. पायगोंडांनी मला लहान मुलासारखं समजावलं. आक्काची संस्था अलीकडची, कौलारू खोलीतली. मला ‘सरक की बाबा’ म्हणणारी म्हातारी तिथली रोजची. आक्काच्या नावापुढं अलीकडं अजून चारशे चाळीसच. दिवस उरले चार. चार दिवसांत वीस लिटर. चाळीस कमी पडतात.

गेली एकतीस वर्षं जिनं भर पावसात, तापात, आप्पा गेले त्या सकाळीसुद्धा किटली पोहोचवली, तिचा नंबर मी बारा दिवसांत घालवला होता. खुर्चीसाठी आणि एक कप चहासाठी.

मी रस्ता ओलांडला. रचनाला म्हणालो, “बाळ, हे चोपन्न लिटर तिकडं वळव.” तिनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला. “सर, दोन राज्यांचं सॉफ्टवेअर वेगळं हाय. मला माहीत असतं तर... मी पहिल्याच दिवशी इचारलंवतं की सर.” खरंच विचारलं होतं तिनं. मग दुसऱ्या दिवशी मी चिकोडीला एका कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे तक्रार कुणाविरुद्ध आहे?” मी म्हणालो, माझ्याविरुद्ध. त्यासाठी त्यांच्याकडं अर्ज नव्हता.

संध्याकाळी मारुतीराव कुडावर दोन्ही कोपरं टेकून म्हणाले, “मास्तर, सोपं हाय. पलीकडनं चाळीस लिटर इकत घ्या आन् अलीकडं घाला. दूध ते दूध.”

मला वाटलं, इतक्या दिवसांत हा माणूस पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, पण काडी कुणाच्या हातातली आहे हेही बघावं माणसानं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रचनाकडून दोन कॅन भरून घेतले. सरांचं मन मोडवेना म्हणून तिनं दिले. ते स्कूटरवर लादले आणि सत्तावीस पावलांचा आंतरराज्य प्रवास सुरू केला. रस्त्याच्या बरोबर मधे स्कूटर बंद पडली. अलीकडून चार माणसं आली, पलीकडून तीन, आणि सगळ्यांनी मिळून ढकलत मला कौलारू खोलीच्या दारात आणून सोडलं. म्हणजे सगळ्या गावाला कळलं.

पायगोंडांनी नमुना घेतला. यंत्रावर आकडा आला. बांडीचं फॅट कधी सातच्या खाली आलं नव्हतं. हे पाचही भरत नव्हतं. गाय, म्हैस, शंभर घरांचं एकत्र झालेलं. रांगेतली म्हातारी मान उंच करून आकडा वाचत होती.

पायगोंडांनी मला बाजूला घेतलं. “सर, मी डोळं मिटून घेतो, लिहितो. खरं ह्या वहीत आक्काच्या नावापुढं एकतीस वर्षांत कधी पातळ दूध लागलेलं न्हाय. लिहू काय?”

मी म्हणालो, “नको.” हा एक शब्द उच्चारायला मला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कधी लागला नव्हता.

चाळीस लिटर दूध रचना परत घेऊ शकत नव्हती. तसा नियम. मग आमच्या परड्यात तीन दगडांच्या चुली पेटल्या आणि मारुतीरावांच्या देखरेखीखाली बासुंदी सुरू झाली. त्यांच्या देखरेखीमुळं ती खाली लागली. करपट वासाची बासुंदी दोन राज्यांतल्या जवळजवळ सत्तर घरांनी खाल्ली आणि प्रत्येक घरानं वाटी परत देताना विचारलं, “कशाबद्दल?”

एकतीस तारखेला संध्याकाळी आक्का आली. काळा चष्मा, हातात औषधाची पिशवी. उतरल्या उतरल्या गोठ्यात गेली. बांडीनं तिला बघून हंबरडा फोडला. आक्कानं कासेवरून हात फिरवला, रेडकाचे कान चाचपले. “चांगलं ठेवलंस रं,” म्हणाली. “मला वाटलंवतं, मारून ठेवशील.”

आणि मग मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, सगळं, चहासकट. वर्गात ज्यांना मी बाकावर उभं केलं त्या सगळ्या पोरांची त्या वेळी मला आठवण झाली.

चष्म्यामुळं आक्काचे डोळे दिसत नव्हते, हे बरं झालं की वाईट, मला कळलं नाही. शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर किती बरं वाटलं असतं. ती गव्हाणीतली वैरण सारखी करत राहिली.

“आक्का, पायगोंडाअण्णांना सांगू या. आजारपण होतं, ऑपरेशन होतं. सवलत देतील. चेअरमनला भेटतो. रांगेतल्या बायकासुद्धा म्हणतात, आमच्यातलं दोन-दोन लिटर घाला.”

“न्हाय.”

“पण का?”

“त्यो पाचशे लिटरचा नियम कुणी केलाय म्हायती हाय काय तुला?” आक्का वळली. “मी. बावीस सालं झाली. मोठी मोठी मंडळी गोठ्यात शेपूट न्हाय आन् मताला हात वर करायची. मी सभेत उठून बोललो, दूध घालंल त्याचंच नाव. पायगोंडाच्या बाबाचं नाव ह्याच नियमानं गेलं. बिचारा अंथरुणाला खिळलावता. त्याला सवलत दिली न्हाय मी. आता मी मागू?”

माझ्या आक्कानं सभेत उठून भाषण केलं होतं, आणि मला बावीस वर्षांत पत्ता नव्हता. मी सणावारी गावी यायचो, तिच्या हातचं दूध प्यायचो, चांगलं आहे म्हणायचो आणि नववीच्या धड्याला नवं काही घालता येईल का, असा विचार करत बेळगावला परत जायचो.

एक एप्रिलला सकाळी ती मला घेऊन कौलारू खोलीत गेली. रांग आपोआप बाजूला झाली. पायगोंडा उठून उभे राहिले.

“अण्णा, फारम दे,” आक्का म्हणाली. “नवीन सभासदाचं.”

“आक्का...”

“दे की. रांग खोळंबलीया.”

फॉर्म कन्नडमध्ये. मी सवयीनं हात पुढं केला, घरातले सगळे फॉर्म मीच भरतो. मग हात मागं घेतला. आक्का कन्नड शाळेत चौथीपर्यंत गेली होती. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्याशी धरला आणि अक्षर अक्षर लावत लिहायला लागली. नाव. गाव. वय. पायगोंडांनी वर कोपऱ्यात नंबर घातला, दोनशे चौदा.

एका ओळीपाशी आक्का थांबली.

“काय विचारलंय?” मी म्हणालो.

“धंदा काय, म्हणून.” तिनं लिहिलं. ‘दूध घालणं’, दोनच शब्द, पण तोंडानं म्हणत, बराच वेळ घेऊन. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, “परशा, मागं जनगणनेची बाई आलीवती. तू सोप्यात बसून तिला समद्यांचं सांगत हुतास. मी धार काढत हुतो. माझ्यापुढं काय लिव्हायला सांगितलंस रं?”

रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मला आठवत नाही, असं म्हणता आलं असतं. पण मला चांगलं आठवत होतं. त्या बाईनं विचारलं होतं, मालुबाई काय काम करतात? आणि मी, त्याच वर्षी ‘ग्रामीण अर्थव्यवस्थेत स्त्रियांचा वाटा’ यावर एका शिबिरात बोलून आलेला मी, चहाचा कप खाली न ठेवता म्हणालो होतो...

“घरीच असते, असं सांगितलं होतं,” मी म्हणालो.

पायगोंडा वहीत बघत राहिले. आक्कानं फॉर्मवर सही केली, कागद त्यांच्यापुढं सरकवला.

“खरंच हाय की,” ती म्हणाली. “मी आन् बांडी, दोघी घरीच असतोय.”

मग तिनं किटली उचलून मापाखाली धरली आणि तिच्या नावावर पहिल्या सकाळचे अडीच लिटर पडले.